घासलेली राणी

१ सप्टेंबर १९५६, देवगड
डॉक्टरांच्या बंगल्याची चावी माझ्याकडे येऊन अकरा महिने झाले. चतुर्थीला ते मुंबईहून येतील. राखण नीट झाली तर दवाखान्यात घेऊन कंपाउंडरचे काम शिकवणार, असे स्वतः म्हणालेत. सर्व खोल्या पाहिल्या. वाळवी नाही. फ्रान्सची राणी कोरड्या फडक्याने पुसली. ब्राँझची पुतळी, गेल्या शतकातली, तिकडच्या कुठल्याशा शोकनाटकातली. डोळ्यांत पाणी, हातात विषाचा रिकामा पेला. डॉक्टरांची ताकीद: काळपट रंग हीच तिची किंमत, दुसरे काही लावायचे नाही.

३ सप्टें.
ताप. आईला चावी देऊन झाडायला पाठवले. राणीबद्दल सांगायचे राहिले. चूक माझी.
चतुर्थी आली म्हणून आईने समया, तांबे घासले. आणि राणीही. आमसुले, राख.
"काळीठिक्कर पडलली बिचारी. आता बग! सोलां संपली, नायतर लुगडापण उजाळला असता."
तापातच जाऊन पाहिले. तोंड, हात, पेला पिवळेधमक. बाकी काळी.

४ सप्टें.
शेजारचे भिकाजीमामा बूटपॉलिश, काजळ घेऊन हजर. दशावतारात राक्षस होतात. "माझा तोंड मी रोज रंगवतंय, हिचा रंगवूक कितीसो वेळ? डॉक्टराक कळाचा नाय रे."
पेल्याच्या तळाला बोटभर लावून पाहिले. खरेच कळत नाही. म्हणूनच भीती वाटली. पुसून टाकले. मामांना नको म्हटले.
डॉक्टरांना पत्र लिहिले. तिसऱ्या कागदावर जमले. आई म्हणते, "माझा नाव घाल. तुका काढून टाकतले." घातले नाही. 'माझ्या राखणीत घडले,' एवढेच. टपालात टाकून आलो.

७ सप्टें.
फोंडाघाटावरून डॉक्टरांची मोटार दुपारी आली. पत्र मिळाले होते. डॉक्टरांनी राणी खिडकीशी नेली. सगळीकडून फिरवून पाहिली. मग, "आधी तोंडच का घासलं?"
दाराआडून आई, "रडतल्या बायलमाणसाचा पयला तोंडच धुवचा लागता."
डॉक्टर हसले की खोकले, समजले नाही. चावी मागितली. दिली. दवाखान्याचा विषय निघाला नाही.
उद्या नेहमीप्रमाणे सातला जाणार. चावी नसली तरी अंगण झाडता येते.