‘नाइस’ म्हणणारा मुलगा

छावणी, छत्रपती संभाजीनगर
५ जानेवारी २०२५

चि. स्वरदास,
अनेक आशीर्वाद. विशेष असं की, तुझा मिहिर परवा येऊन गेला. मुलगा नीटनेटका, आजीला वाकून नमस्कार केला, सगळं ठीक. पण माझं ‘इंग्रजी शब्दांच्या जन्मकथा’ हे हस्तलिखित महिनाभर ठेवून परत करताना एवढंच म्हणाला, की नाइस आहे.

बावीस वर्षं, तीनशे बारा पानं, आणि एक शब्द! तोही कोणता? मूळ लॅटिनात ‘न जाणणारा’. सातशे वर्षांपूर्वी इंग्रजीत शिरला तो ‘मूर्ख’ म्हणून. पुढं लाजाळू झाला, मग चोखंदळ, मग नाजूक, आणि शेवटी छान. आता जेवण नाइस, हवा नाइस. ज्याच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही ते सगळं नाइस. ही हकिकत पान १८७ वर आहे. वाचली असती तर हा शब्द त्यानं माझ्यासमोर काढलाच नसता. न वाचता वाचलं म्हणणाऱ्या मुलाला माझा होकार नाही. आजीला विचारलं, तर ती म्हणते मुलगा नाइस आहे.
तुझा,
आबा

पुणे
१० जानेवारी

ती. आबांस,
सा. न. वि. वि.
पत्र वाचून आधी हसले, मग रडू आलं. मिहिर फोनवर माफी मागणार होता; मी म्हटलं, आमच्या आबांना तसली माफी चालत नाही, समोर जा. येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी तो येतोय. इंग्रजांनी त्या शब्दाला सुधारायला शेकडो वर्षं दिली, तुम्ही मिहिरला अर्धा तास तरी द्या. तुमच्या होकाराशिवाय मला लग्न करायचं नाही, हेही खरं.
माझ्यावरचा लोभ थोडा त्याच्याकडेही वळवावा.
तुमची,
स्वरदा

छावणी
१९ जानेवारी

चि. स्वरदास,
अनेक आशीर्वाद. मिहिर काल आला. चहाला हात न लावता त्यानं कबूल केलं, की अकराच पानं वाचली. पुढचं डोक्यावरून जायला लागलं. पण तसं सांगितलं तर मी दुखावेन आणि तू हातची जाशील, या भीतीनं तोंडाला आला तो शब्द बोलून मोकळा झाला. अकराव्या पानावर काय आहे, असं मी विचारलं. सगळं धडाधड सांगितलं, वर माझ्या शुद्धलेखनाच्या दोन चुकाही दाखवल्या.

पोरी, तुझे बाबा तिसऱ्या पानावर झोपले होते. आजी बावीस वर्षं सवडीनं वाचणार आहे. तू तर कधी मागितलंसुद्धा नाहीस. या घरात अकरा पानांपर्यंत कोणी पोचलंच नव्हतं! मी स्वतः गुलमंडीत जाऊन पेढे आणले.

त्याचं वाचून पुरं झालं की लग्नाची तारीख धरू, असं मी म्हटलं. तुझ्या आजीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि वैशाखातला मुहूर्त काढून आणला.
दोघांनाही आशीर्वाद आणि लोभ, सारखाच.
आबा