मान सरळ झालीच पाहिजे

२ फेब्रुवारी

आज टपालाने आले: तारांचे पाकीट एक, १८०. खुंटी एक, ९५. सहा कोनांची चावी, ३०. तांब्याची वायर हातभर, १५. टपालखर्च ४०, तो फुकट गेला. एकूण ३६०.

नवा बेस गिटार बावीस हजारांना पडतो असे कन्या फोनवर म्हणाली होती. म्हणजे आज दुपारपर्यंत मी एकवीस हजार सहाशे चाळीस वाचवले. देवाची कृपा आणि थोडी अक्कल.

स्वतःच्या माहितीसाठी नोंद: कन्या गेल्या महिन्यात दुसऱ्या गावी नोकरीला गेली. नोकरीसाठीच गेली. माझ्या प्रार्थनेच्या वेळी ते धूड वाजवू नकोस, फडताळातली भांडी थरथरतात, असे मी तिला म्हटले होते. त्याचा आणि जाण्याचा काही संबंध नाही. आमचे हे उगीच संबंध जोडतात. बेस इथेच राहिला, कारण तो बिघडलेला आहे. एक तार तुटलेली, एक खुंटी नुसतीच गरगर फिरते, लाकडी मान धनुष्यासारखी वाकलेली, आणि वीज जोडली की घुर्रघुर्र. अठ्ठावीसला तिकडे तिच्या ग्रुपचा कार्यक्रम आहे. सव्वीसला घरी येणार, बेस दुकानात नेणार, दोन दिवस राहणार. "तोपर्यंत हात लावू नकोस, आई. नाहीच सुधारला तर नवा घेईन."

दुकानवाले लुटतात. मी मॅट्रिक पास आहे, शिलाई मशीन स्वतः उघडून पुन्हा जोडते. चार तारांचे ते काय एवढे.

संकल्प: सव्वीसच्या आत बेस ठणठणीत. म्हणजे तिला दुकानात हेलपाटे घालायला नकोत, दोन्ही दिवस घरीच बसता येईल. हे मी केवळ खर्च वाचावा म्हणून करते आहे.

३ फेब्रुवारी

बेसच्या चार तारांचे पाकीट ७५०. साध्या गिटारच्या सहा तारांचे १८०. कोणीही शहाणे माणूस सहाचेच घेईल. चार लावायच्या, दोन शिलकीत. मी तेच केले होते.

लावल्या. दोन तारा लांबच्या खुंट्यांपर्यंत पोचल्याच नाहीत. दोन पोचल्या. वाजवून पाहिल्या. डब्यात डास अडकावा तसा आवाज. हे म्हणाले, "बेस म्हणजे जाडा आवाज ना गं?" मी म्हटले, तारा नव्या आहेत, मुरायला वेळ लागतो. हे पेपरात शिरले.

पाकिटावर ठळक लिहायला हवे होते. लिहिले आहे, पण बारीक. लावलेल्या काढल्या आणि सहाही तारा गुंडाळून ठेवल्या. कपडे वाळत घालायला उपयोगी.

४ फेब्रुवारी

कन्येचा फोन. रोज करते, दर वेळी तेच. "बेसला हात नाही ना लावलास?" मी म्हटले, मी कशाला लावू. हे खोटे नव्हे. त्या क्षणी माझ्या हातात फोन होता. तरी संध्याकाळी देवासमोर थोडे जास्त बसले.

मग सहज विचारले, की तुमच्यात तारा जुन्या झाल्या तर काय करता. म्हणाली, "काही जण उकळतात. का गं?" म्हटले, सहज. "बरं, ठेवते." ही "बरं, ठेवते" फार लवकर म्हणते.

५ फेब्रुवारी

जुन्या तीन तारा पातेल्यात उकळल्या, चिमूटभर सोडा घालून. ह्यांनी झाकण उचलून आत पाहिले आणि पुन्हा ठेवले. जेवायला बसल्यावर म्हणाले, "मला वाढताना बारीक चिरून वाढ."

तारा चकाचक. पुसून, वाळवून पुन्हा बसवल्या. घुम्म. फडताळातली मोठी वाटी थरथरली. खर्च शून्य. कोणाला सांगता येत नाही, एवढेच दुःख.

८ फेब्रुवारी

चौथ्या तारेसाठी वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदार दाढीवाला, तोंडात पेन्सिल. सुटी तार मिळत नाही, सेट घ्या म्हणाला. मी म्हटले, भाऊ, एक दात पडला म्हणून कोणी कवळी बसवत नाही. त्याने खणातून कोणाची तरी काढलेली तार दिली. पन्नास सांगितले. तीसला घेतली.

आलेच आहे तर नवे बेसही बघून घेतले. भिंतीवर ओळीने टांगलेले. सहा तारांचा गिटार स्वस्त, चार तारांचा महाग. विचारले, तारा कमी आणि भाव जास्त, हा कुठला हिशेब. म्हणाला, "काकू, लाकूड बघा ना केवढं." एक निळा होता. हातात धरून बघितला, उगीच. मांडीवर चांगला बसतो. मोठ्या बाळासारखा जड.

मानेचे त्यालाच विचारले, मैत्रिणीचा बेस आहे असे सांगून. (ही मैत्रीण म्हणजे मीच. स्वतःशी मैत्री असावी.) म्हणाला, मानेच्या आत लोखंडी सळई असते, तिच्या टोकाचा नट चावीने उजवीकडे फिरवला की मान सरळ होते. "पण मैत्रिणीला सांगा, अगदी सरळ करू नका. किंचित बाक ठेवा. तारेला थरथरायला जागा लागते. नाहीतर ती लाकडाला घासत कुरकुर करते."

बिघडवून परत आणावा म्हणून असे सल्ले देतात. वाकडे ते वाकडे. आमच्या घरात "किंचित वाकडे" असे काही चालत नाही, हे कन्येलाही लहानपणापासून माहीत आहे.

११ फेब्रुवारी

नवी खुंटी आणि चौथी तार काल बसवली. आज चावी घातली. उजवीकडे पाव फेरा. मग आणखी पाव. नंतर थोडी पक्की असावी म्हणून आणखी. मान कन्येच्या शाळेतल्या फूटपट्टीला लावून पाहिली. कागद सरकायला जागा नाही. एवढी सरळ मान मी आमच्या घरात दुसरी पाहिलेली नाही.

१२ फेब्रुवारी

चारही तारा कुरकुरतात. जिथे बोट ठेवावे तिथे खर्रर्र, जसे काही कोणी वाळू चावते आहे. हवेत दमटपणा असावा.

१३ फेब्रुवारी

आज हवा कोरडी. तरी कुरकुर. ह्यांनी दाढीवाल्याचे नाव काढले. मी म्हटले, दुकानदाराचे ऐकायचे तर मग घरात बायको कशाला. हे म्हणाले, "तेही खरंच." कोणत्या अर्थाने, ते विचारले नाही.

कुरकुर नंतर बघू. आता विजेचा घुर्रघुर्र. गंमत अशी की तारांवर हात ठेवला की तो पुष्कळ कमी होतो, हात काढला की पुन्हा सुरू. कन्या लहानपणी अशीच झोपायची. उगीच आठवले. पाठीवरचा हात काढला की जागी.

१६ फेब्रुवारी

घुर्रघुर्र थांबवायला बेसच्या आतल्या, वायरींच्या खोबणीला पत्र्याचे अस्तर लावतात म्हणे. तांब्याची पट्टी ४२०. स्वयंपाकघरात पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद आहेच. पत्रा तो पत्रा. खोबणीला झाकपाक लावला, कडा दुमडून, अगदी वह्यांना कव्हर घालायचे तशा. टपालाने आलेली तांब्याची वायर कथील वितळवून, डाख देऊन पक्की केली. डाख द्यायचे हत्यार समोरच्या वहिनींच्या यजमानांचे. वहिनींनी विचारले, "काय चाललंय?" मी म्हटले, इस्त्री दुरुस्त करते. त्यांनी लगेच त्यांची इस्त्री आणून दिली.

वीज जोडली. घुर्रघुर्र पूर्ण बंद.

आवाजही बंद. पण पहिले उद्दिष्ट साध्य झाले.

१७ फेब्रुवारी

वहिनींची इस्त्री दुरुस्त झाली. बेस मुका.

१८ फेब्रुवारी

कन्येचा फोन. तिकडे खोलीत एकटीच असते, जेवण बाहेरून येते, तिखट असते. मी म्हटले, सव्वीसला काय करून ठेवू. म्हणाली, "बघू गं, अजून नक्की नाही." नक्की नाही म्हणजे काय. मग म्हणाली, "बेस खोलीतून बाहेर काढून ठेवलायस का? तुला अडचण नको." मी म्हटले, अडचण कसली. मग दोघी तिकडच्या उकाड्याबद्दल बोललो. फोनचे पैसे वाहत होते. "बरं, ठेवते."

२० फेब्रुवारी

चंदेरी कागदाची एक कड वायरीच्या टोकाला टेकत होती. नखाने खरवडली. घुम्म.

ह्यांना हाक मारली. हे दाढी अर्धी करून आले. मी जाड तार पुन्हा वाजवली. हे म्हणाले, "चालतोय की." एवढेच. लग्नाच्या वेळीही असेच म्हणाले होते.

२२ फेब्रुवारी, सकाळ

चाचणी घ्यायची म्हणून प्रार्थनेच्या वेळी बेस मांडीवर घेऊन बसले. चाचणीला शांतता लागते आणि घरात शांतता तेव्हाच असते. जाड तार एकाच जागी वाजवत राहिले, वर म्हणत राहिले. भांडी थरथरली. विचित्र वाटले नाही. उलट सूर धरायला काहीतरी मिळाले, एरवी मी दुसऱ्या ओळीला घसरते. देवाला विचारले, हरकत आहे का. काही म्हणाला नाही. म्हणजे नाही.

तेव्हा प्रार्थनेच्या वेळी बेस वाजवू नये हा नियम आजपासून थोडा बदलला आहे. कन्येला सव्वीसला समोरासमोर सांगेन. मी चूक केली असे नव्हे. नियमात दुरुस्ती.

कुरकुर मात्र आहे. माझ्या ओळीच्या मध्येच खर्रर्र.

२४ फेब्रुवारी

केवळ तपासण्यासाठी म्हणून चावी डावीकडे पाव फेरा फिरवली. फरक नाही. आणखी फिरवली. आणखी एकदा. मान तारेच्या ओढीने किंचित पुढे आली, पाहणाऱ्याला कळणारही नाही एवढी. मानेवरच्या मधल्या आडव्या पट्टीपाशी कागद सरकतो.

कुरकुर गेली. चारही तारा मोकळ्या.

ही माघार नव्हे. पूर्ण सरळ करून पाहिल्याशिवाय किती सैल सोडायचे ते कळत नाही. दाढीवाल्याला हे माहीत नसावे, त्याने नुसते सांगितले.

२५ फेब्रुवारी

तिच्या खोलीत धुतलेली चादर. बेस पलंगावर, उशीला टेकवून. उद्या दूध एक लिटर जास्त सांगितले. मी काही सांगणार नाही. तिने वाजवावा, आणि मग विचारावे, आई, कुठल्या दुकानात दिलास? मग मी म्हणेन, दुकान कसले. एवढे ठरले आहे.

ह्यांनी विचारले, "आणि ती आलीच नाही तर?" मी म्हटले, तिचा बेस इथे आहे. येईल नाहीतर जाईल कुठे.

२६ फेब्रुवारी

फोन आला. येत नाही. सुट्टी मिळाली नाही, आणि गरजही उरली नाही. तिथेच एका वाजवणाऱ्याचा वापरलेला बेस मिळाला, चांगला आहे, स्वतःच्या पगारातून घेतला. किंमत सांगितली नाही. मीही विचारली नाही. हे असे पहिल्यांदाच झाले.

म्हणाली, "घरचा राहू दे तसाच, आई. किंवा कोणाला तरी देऊन टाक. तुझ्या प्रार्थनेला शांतता राहील."

मी म्हटले, बरे झाले. इतक्या लांब दोन दिवसांसाठी यायचे म्हणजे उगीच भाड्याचा खर्च. मीच सांगणार होते, येऊ नकोस म्हणून. नियमातल्या दुरुस्तीचे सांगायचे होते, ते राहिलेच. ती "बरं, ठेवते" म्हणायच्या आत या वेळी मीच ठेवला.

जास्तीचे दूध विरजायला लावले.

२७ फेब्रुवारी

हे म्हणाले, फोन करून सांग तिला, तू दुरुस्त केलास. मी म्हटले, नाही. मी मिरवणारी नाही. शिवाय फोनवर माणसाला "ठेवते" म्हणता येते. पत्रात म्हणता येत नाही.

२८ फेब्रुवारी

आज तिचा कार्यक्रम. सकाळी नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले, बेस घेऊन. सूर घसरला नाही. इथले कोणाला तिथे ऐकू जात नाही, हे मला माहीत आहे.

दुपारी पत्र टाकले. नक्कल इथे ठेवते:

"चि. कन्येस अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. ह्यांचा खोकला बरा आहे. कार्यक्रम छान झालाच असेल. तिखट कमी खा.

तुझ्या बेसला मी हात लावलेला नाही. कोणाला देणारही नाही, तो जागा फारशी अडवत नाही. सकाळी प्रार्थनेच्या वेळी खोलीत काही वाजले तरी आता माझी हरकत नसते, हे आपले सहज लिहिले. चादर घातलेली आहे.

एक बारीक शंका. समजा कोणी हात लावला, आणि मान फारच सरळ झाली, आणि ती थोडी सैल सोडायची असली, तर चावी डावीकडे फिरवायची की उजवीकडे? इथे कोणालाच ठाऊक नाही. प्रत्यक्ष येऊन दाखवलेस तर उत्तम, पण त्यासाठी म्हणून मुद्दाम येऊ नकोस. फोन करू नकोस, फोनवर मला नीट समजत नाही. डावीकडे की उजवीकडे, तेवढे उलट टपाली कळव."