घरगाडीच्या टपावरून

प्रिय शालू,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, रागावू नकोस. आज दुपारी मी आपल्या घरगाडीच्या टपावर चढलो होतो. हो, मीच! गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालतानाही खाली बघायचं टाळणारा तुझा नवरा. आणि वर गेल्यावर तुझ्याबद्दल एक गोष्ट कळली. ती तुला सांगितल्याशिवाय चहासुद्धा घशाखाली उतरेना, म्हणून लिहायला बसलो.

आपली ती जुनी स्कूलबस! मी निवृत्त झालो आणि तू हट्टानं ती घ्यायला लावलीस. दोन पलंग, छोटासा ओटा, टपाला भोक पाडून हवा बाहेर फेकणारा पंखा, सगळं तूच उभं राहून करून घेतलंस. सोसायटीत केवढं हसं झालं! "काकू, आज मुक्काम कुठे? पार्किंगमध्येच का?" आणि तू, "हो, या की चहाला!" डोंबिवलीत माणसाला पाय पसरायला जागा मिळत नाही, आणि आपली चाकांवरची खोली!

तू गेल्यावर मी दुपारी तिथेच जाऊन बसायचो. कधी तुझ्याशी बोलायचो, कधी नुसताच. मग एका दुपारी तो एमआयडीसीतल्या कारखान्यांचा आंबट वास सुटला, म्हणून खिडक्या लावून घेतल्या. पंखा लावला, शेगडीवर चहाचं आधण ठेवलं, आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा डोकं घणाणत होतं. शेगडी पेटलेली, भांडं कोरडं, आणि पंखा बंद पडलेला. दाराची कडी सापडेना. शालू, ज्या दाराला मी माझ्या हातानं रंग दिला, त्याची कडी सापडेना मला! कसा बाहेर आलो कोण जाणे. मला पायरीवर बसलेलं मनालीनं पाहिलं आणि ती धावत आली. सून म्हणून नाही, लेकरू म्हणून धावली गं.

राहुलनं आवाज चढवला. "बाबा, पंखा नीट झाल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आणि होणार नसेल तर गाडी विकून टाकू. रविवारी एक जण बघायला येतोय." तुझाच लेक तो. ओरडला की समजायचं, घाबरलाय.

पंखा जळाला होता. नवा आणला, पण बसवणार कोण? इलेक्ट्रिशियन आला, टपाकडे बघून पोटावरून हात फिरवत म्हणाला, "काका, पत्रा बघा आणि मला बघा. मी वर गेलो तर थेट तुमच्या पलंगावर उतरीन!" गॅरेजवाला म्हणाला, असलं काम आम्ही करत नाही. राहुल तर त्या इलेक्ट्रिशियनच्या वरताण. पोरीला वर चढवणार नव्हतो, मग घरात हलका माणूस उरला मी एकटा. आणि रविवार तर उद्यावर आला!

खरं सांगू? गाडी जाईल याची भीती होतीच. पण गाडी राहिली, तर पुन्हा त्या दाराआड बसायचं, याचीही तेवढीच होती. आणि या दोन्हींच्या वर ती शिडी!

आठवतं तुला? दर वर्षी तू पंख्याची जाळी साफ करायला वर चढायचीस. ओढणी कमरेला खोचून. मी खाली शिडी धरून उभा. आणि तुझा हुकूम ठरलेला. "कविता म्हणा. मोठ्यानं. थांबायचं नाही." मग मी चौथीच्या पुस्तकापासून सुरुवात करायचो. पाखरांच्या कविता, नदीच्या, आईच्या. येणारेजाणारे हसायचे. मध्येच एखादी ओळ अडली की वरून लगेच तुझा चिरका आवाज, "अहो! पुढे?" मला वाटायचं, माझ्या पाठांतराची टर उडवतेयस. कधी वाटायचं, मी घाबरलोय हे ओळखून मला कामाला लावतेयस. किती वर्षं मी तसंच समजत होतो!

आज शिडी मनालीनं धरली. मी म्हटलं, "पोरी, कविता म्हण."

"बाबा, मी इंग्लिश मीडियमची. मला जॅक अँड जिल येतं, आणि त्यात तो पडतो!"

"मग पाढे म्हण. पण थांबू नकोस."

"पाढे? ओके. बे एके बे..."

आधी बॅटरीची वायर काढली होती. तुझा नियम. वर गेलो आणि तू झोपायचीस तसा पत्र्यावर पालथा झोपलो. पत्रा तापलेला, खाली जरा वाकतोय असं सारखं वाटत होतं. पट्टीनं फटी बुजवणारा जुना सिलंट खरवडला, गंजलेले स्क्रू एकेक सोडवले, पंखा उचलला. चौकटीच्या खाचेत काय होतं सांगू? मिरचीच्या बिया! तू टपावर मिरच्या वाळत घालायचीस, त्यातल्या. तेवढ्यात खालचा आवाज थांबला.

शालू, टपावर पालथं झोपलं की शिडी दिसत नाही. शिडी धरणारा दिसत नाही. दिसतं फक्त आभाळ आणि समोरच्या इमारतीच्या टाक्या. खाली कुणी आहे की गेलं, शिडी आहे की सरकली, काही कळत नाही. असतो तो फक्त एक आवाज. तोही थांबला. मी किंचाळलो, "मनाली! पुढे?"

"आहे बाबा, इथेच आहे! बारा साते विसरले!"

"चौऱ्याऐंशी!" मी वरून ओरडलो, आणि हातातलं काम थांबलं. कारण तो "पुढे?" माझा नव्हता. तुझा होता. तसाच चिरका, तसाच घाईचा.

तू घाबरायचीस! दर वर्षी, त्या पत्र्यावर, तू घाबरायचीस! तुला कविता नको होत्या, मी आहे की नाही ते हवं होतं. आणि मी खाली उभा राहून शब्द आठवत बसायचो, आठवेनासे झाले की चुकचुकत थांबायचो. का नाही सांगितलंस गं? एकदा तरी म्हणायचं, "अहो, मला भीती वाटते." मी काय हसलो असतो? की तू तसं म्हणाली असतीस, तर मीच शिडी सोडून पळालो असतो, हे तुला ठाऊक होतं?

मनालीनं पंधराचा पाढा संपवेपर्यंत नवा पंखा बसला. उतरताना पाय पायरी शोधत होते तेव्हा तिनं माझा घोटा धरून पायरीवर ठेवला. तिचेही हात गार पडले होते.

मग आत जायचं होतं. दार सताड उघडं ठेवून, मनालीला पायरीवर बसवून मी पंख्याखाली उभा राहिलो आणि तुझ्यासारखी उदबत्ती धरली. धूर वर ओढला गेला की पंखा बरोबर, हीच ना तुझी परीक्षा? बटण दाबलं, तर सगळा धूर माझ्या तोंडावर! पाठोपाठ तो एमआयडीसीचा वास. पाय दाराकडे वळले. "बाबा, बाहेर या!" मनाली ओरडली. पण तोवर कळलं होतं. नव्या पंख्याच्या दोन्ही वायरी काळ्या, मी उलट्या जोडल्या होत्या. पंखा उलटा फिरत होता. बॅटरी काढून, जाळी सोडवून आतूनच अदलाबदल केली. ती पायरीवरून पाढे म्हणतच होती, मी न सांगता.

या वेळी धुराची रेघ सरळ वर गेली. तुझ्या मिरचीच्या खाचेतून, आभाळात.

संध्याकाळी राहुल आला. आत डोकावला, उदबत्तीचा धूर वर जाताना बघितला. मग म्हणाला, "त्या माणसाला उद्या येऊ नको म्हणून कळवतो. पण शेगडी बाहेर मांडायची, बाबा. आणि दार उघडं." मी मान डोलावली.

भीती गेली नाहीये, शालू. रात्री डोळे मिटले की ती कडी अजून हाताला लागत नाही. पण तुला केळव्याला समुद्राकाठी सुरूच्या बनात गाडी लावून झोपायचं होतं ना? राहुल-मनालीला घेऊन जाईन. पंख्याचं झाकण उघडं ठेवीन, आणि त्याखाली पडून चौथीच्या पुस्तकापासून सुरुवात करीन. मोठ्यानं. एखादी ओळ आठवली नाही तर पदरचं काहीतरी घालीन, पण थांबणार नाही.

शिडी अजून धरून उभा असलेला,
तुझा वसंत