दांडीवरचा शर्ट

प्रिय हट्टोबा,

वन्संचा फोन येऊन तीन आठवडे झाले. तुझी ताई फोनवर कधी सरळ मुद्द्यावर येत नाही, हे तुला ठाऊकच आहे. आधी माझी तब्येत, मग तिचे गुडघे, मग हवा, आणि शेवटी हळूच, की ट्रॅक्टरची मागची बाजू फार कुरकुरायला लागलीये, रोटाव्हेटर उचलला की पार रस्त्यापर्यंत आवाज येतो, आणि ग्रीस कुठे कुठे द्यायचं ते तुला आठवत नाही. आठवत नाही म्हणे! अठरा वर्षं ट्रॅक्टर तू चालवलास आणि ग्रीस मी दिलं, मग आठवायचा प्रश्नच कुठे येतो? पाहुण्यांसमोरसुद्धा तू मला ग्रीसवाली म्हणायचास. स्वतः फोन करायला तुझी जीभ रेटली नाही, तेव्हा मीही मनात म्हटलं, कुरकुरू दे. आज लिहितेय. शांतपणे बसून वाच, अर्ध्यावर सोडून शेडकडे पळू नकोस.

पहिली गोष्ट, रोटाव्हेटर असो की नांगर, अवजार जमिनीवर. पूर्ण टेकलेलं, इंजिन बंद, किल्ली खिशात. याच एका गोष्टीवरून आपलं वाजलं आणि मी घर सोडलं, असं तू सगळ्यांना सांगतोस, आणि त्यात खोटं काही नाही. चौदा महिने झाले त्याला. माझ्या भावाने तर तोंडावर विचारलं होतं, नवरा पितो का, मारतो का, मग रोटाव्हेटरपायी कुणी भरला संसार सोडून येतं का? मला हसूच आलं. ऐकायला ते खुळ्यासारखंच वाटतं. पण पात्यांत काही अडकलं तरी तू उचललेल्या अवजाराखाली आडवा होतोस, दोन मिनिटांचं काम म्हणतोस, आणि मी हात जोडले, अबोला धरला, जेवणावर राग काढला, तरी तू ऐकलं नाहीस, हे मी किती जणांना समजावत बसू?

आता ग्रीस. ग्रीसची गन लावण्याआधी ग्रीस भरायचं प्रत्येक निप्पल फडक्याने पूस, नाहीतर बाहेरची माती तूच आत ढकलशील. जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर यायला लागलं की थांब. अवजाराला ट्रॅक्टरशी जोडणारी वरची टॉप लिंक काढून घे, तिचे आटे तारेच्या ब्रशने घास, ग्रीस लाव आणि दोन्ही टोकं पूर्ण आत-बाहेर फिरव. एकदा गंज धरला की मग पाइप घालून त्याला लोंबकळत बसतोस. अवजार धरणाऱ्या खालच्या दोन हातांच्या टोकाला जे गोळे आहेत ना, त्यांच्यावर मात्र ग्रीस थापू नकोस. तुला वाटतं जितकं चोपडावं तितकं बरं. लग्नाआधी डोक्याला तेलही तू असंच थापायचास. आपली जमीन रेताड आहे, वाळू त्या ग्रीसमध्ये धरून राहते आणि पॉलिश पेपरासारखी गोळा खात बसते. पातळ तेलाचा थेंब दे आणि पुसून टाक. बाजूच्या साखळ्या करकचून ताणू नकोस, उचललेलं अवजार दोन बोटं तरी इकडेतिकडे हललं पाहिजे. आणि पिनांमध्ये तू वाकवलेले खिळे घालतोस ते आधी काढून फेक. क्लिपा चहाच्या जुन्या डब्यात आहेत. निघण्याच्या आदल्या आठवड्यात डझनभर आणून ठेवल्या होत्या, तू डबा उघडूनही पाहिला नसशील.

माझं इथं बरं चाललंय. भावाच्या घरी दोन महिने काढले, मग या वर्कशॉपमध्ये लागले. मालकाने आधी मला खुर्चीवर बसवून फोन घ्यायला सांगितलं होतं. एका माणसाच्या ट्रॅक्टरची टॉप लिंक मालकाचे दोन मिस्त्री सकाळपासून सोडवत होते, मी उठून ती उलटी फिरवली, तेव्हापासून खुर्चीवर दुसरी मुलगी बसते. मागच्या बाजूचं सगळं काम आता माझ्याकडे. खोली वर्कशॉपच्या वरच आहे. खिडकीतून खालचे उघडे ट्रॅक्टर दिसतात. खोलीत एक पलंग, एक स्टोव्ह, आणि साबणाच्या तीन वड्या, कारण हाताचं काळं एका वडीने जात नाही. एकटीचे कपडे किती असणार, बादली अर्धीसुद्धा भरत नाही.

हां, राहिला खालच्या हाताला वर ओढणारा उजवा उचलदांडा, वर हँडल असलेला. त्याच्या खालच्या अंगाला एक निप्पल आहे, चारांतलं चौथं. सगळी भानगड तिथेच आहे. अवजार टेकलेलं असलं की त्याचं तोंड आत वळतं आणि गन बसत नाही. अवजार उचललं की ते कसं मुकाट समोर येतं, म्हणून ग्रीस द्यायलाही तू खालीच शिरलास. तुझं म्हणणं खोटं नव्हतं, हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय. पण अवजार सोडून बाजूला काढलं की दांडा मोकळा होतो, हाताने फिरतो, आणि निप्पल आपोआप बाहेर येतं. पंधरा मिनिटं जातात. ती मी अठरा वर्षं दर पंधरवड्याला घालवली, आणि दर पंधरवड्याला तू मला चेंगट म्हणालास. ज्या आठवड्यात मला ताप आला, त्या आठवड्यात तू स्वतःच गन घेऊन गेलास.

त्या दिवसाचं एक तुला सांगायचं राहिलंय. तू खालून बाहेर आल्यावर जे भांडण झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या आधीचं कुणालाच नाही. ताप उतरला म्हणून मी कपडे भिजवायला घेतले होते आणि तुझा कामाचा शर्ट सापडत नव्हता. शेडच्या खांबावर मी तुझ्या शर्टासाठी मुद्दाम खिळा ठोकला होता, पण छे! तुला अवजार वर-खाली करायची हायड्रॉलिकची दांडीच हाताशी. शर्ट तिच्यावर टांगलेला होता. मी रोजच्यासारखा हात घातला. बाही दांडीच्या मुठीला गुंडाळलेली होती, म्हणून ओढली, जराशीच. दांडी जागची सुटायला लागलेली माझ्या हाताला कळली आणि त्याच क्षणी मला चाकामागे तुझे पाय दिसले. तू खाली शीळ घालत होतास. मी शर्ट तसाच सोडला, मागे सरकले आणि तू बाहेर येईपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिले. मग तोंड सोडलं ते सोडलंच. सगळा राग तुझ्यावर काढला, पण भीती मला माझ्या हाताची बसली होती. त्यानंतर त्या घरातला एकही कपडा मला सरळ उचलता येईना. हे तुला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू हसून म्हणाला असतास, झालं तर नाही ना काही? ते ऐकायची माझ्यात ताकद नव्हती.

काल सकाळी वर्कशॉपमध्ये एक ट्रॅक्टर आला. घरात चालवणारं आता कुणी उरलं नाही, विकायचाय, म्हणून धुऊन, तेलपाणी करून द्यायचा होता. सोबत एक बाई होती, साधारण माझ्याच वयाची. मी गन घेऊन मागे गेले तर तीन निप्पलांवर ग्रीस होतं, अलीकडेच दिलेलं. चौथं कोरडं होतं, उजवं, खालच्या अंगाचं. मी ते फडक्याने पुसायला घेतलं. ती बाई जवळ आली, हायड्रॉलिकच्या दांडीकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ही इतकी हलकी असते का हो? मी म्हटलं, वापरून वापरून होते. दुसरं काय सांगणार होते तिला? चौथ्या निप्पलात ग्रीस भरलं, हात धुतले आणि मालकाकडे कागद मागितला. मला तू धडधाकट हवायस रे, आहेस तसा हट्टी चालेल. शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. अवजाराखाली लावायला लोखंडी घोडी मी स्वतः वेल्ड करून घेतलीये, जड आहे, स्टॉपवर उतरवायला ये. घरात लगेच शिरणार नाही, आधी शेडकडे जाईन. शर्ट दांडीवर दिसला तर घोडी तिथे ठेवून संध्याकाळच्या गाडीने परत फिरेन, एक शब्दही बोलणार नाही. खांबावरच्या खिळ्याला दिसला तर काढून धुवायला घेईन.

तुझीच,
ग्रीसवाली