चिठ्ठी यंदा वरच ठेवली आहे

मी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा दातांच्या कवळ्या बनवणे (हात थरथरू लागल्यापासून बंद), पूर्ण शुद्धीवर असून, कोणाचाही दबाव नसताना, माझ्यामागे काय कोणाकडे जावे ते लिहून ठेवतो. शुद्धीची खात्री डॉक्टरांनी केली. त्यांनी आजचा वार विचारला. मी बुधवार म्हणालो; ते मंगळवार समजत होते.

१. राहते घर, मागच्या गॅलरीसह, माझ्या एकुलत्या एका मुलीला. गॅलरीच्या दाराची कडी वर उचलून ओढावी लागते, ते तिला ठाऊक आहे.

२. शिडी धाकट्या भावाला. वीस वर्षांपूर्वी एका दिवसासाठी म्हणून नेली, ती त्याच्याकडेच आहे. आता कृपा करून परत आणू नये.

३. मेण कोरायच्या सुऱ्या मुलीला. कुंडीतल्या झाडांची गुंतलेली मुळे सोडवायला त्या फार कामाच्या. शेजारच्या शिंप्यांचा माझ्या पॉलिशच्या मोटरवर कधीचा डोळा आहे, पण ते साक्षीदार असल्याने त्यांना काही देता येत नाही म्हणे. वाईट वाटते.

४. माशा खाणाऱ्या झाडांच्या सहा कुंड्या मुलीला. हे जरा सविस्तर लिहिणे भाग आहे.

ही झाडे तिच्या आईची. दातेरी जबडा उघडा ठेवून बसतात, माशी आली की मिटतात. "तुमची एक तरी कवळी अशी घट्ट बसली का हो?" असे चित्र बघूनच ती मला म्हणाली होती. अकरा वर्षांपूर्वी तिने तीन रोपे टपालाने मागवली. पार्सल आले तेव्हा ती इस्पितळात होती. आत ना कुंडी ना माती, ओल्या शेवाळात गुंडाळलेली नुसती मुळे. म्हटले, हिची हौस आहे, काही कमी पडू द्यायचे नाही. उत्तम काळी माती आणली, मूठ मूठ शेणखत घातले आणि लावली. पाणी मुलगी घालत होती; या झाडांना नळाचे चालत नाही, पावसाचेच लागते, एवढे हिने सांगून ठेवले होते. तीन आठवड्यांत रोपे काळी पडली.

ही घरी आली आणि कुंड्यांकडे बघत राहिली. तिच्यादेखत मी मुलीला म्हणालो, "नळाचं पाणी घातलंस ना? मारलीस आईची झाडं."

"नाही हो बाबा, बादलीतलं पावसाचंच घालत होते."

"खोटं बोलू नकोस."

महिन्याभरात ही गेली. त्यानंतर मुलीने या घरात पाऊल टाकले नाही.

ही गेल्यावर आठव्या दिवशी पार्सलच्या खोक्यात, तळाशी, चिठ्ठी सापडली. निकस माती वापरा, खताने मुळे जळतात. मी ती वाचली, घडी घातली आणि हत्यारांच्या खणात ठेवली. झाडे मी मारली, पोरी, तू नाही. जन्मभर लोकांना तोंड उघडा म्हणत आलो, माझे काही उघडले नाही.

एका रोपाचा कांदा आतून पांढरा होता. तो धुऊन पीटमॉस, म्हणजे कुजलेले निकस शेवाळ, आणि धुतलेल्या वाळूत लावला. सगळ्या कुंड्या त्याच्याच.

५. लावताना मिश्रण ओले असावे, गाळ नको. मुळे सरळ खाली सोडावी, कांदा मानेपर्यंत झाकावा, बशीत पावसाचे पाणी. जबड्यात उगाच बोट घालू नये, झाड दमते.

६. वाटणी मरणानंतर होते, हे मला समजते. पण तेवढे थांबवेना. सोमवारी या सहांखेरीजचे सातवे, सर्वांत जुने रोप काढले, मुळे धुतली, ओल्या शेवाळात गुंडाळून मुलीला कुरियरने पाठवले. खणातली चिठ्ठी, मागे माझी कबुली लिहून, यंदा सगळ्यात वर ठेवली.

इथवर लिहून सही करणार, तोच फोन वाजला. डॉक्टरांनी तो माझ्या कानाला लावला.

"चिठ्ठी वाचली," मुलगी म्हणाली. "बाबा, कुंडी किती खोल लागते?"

"वीतभर," मी म्हणालो. "तुझी वीत."

सही वेडीवाकडी आली आहे, पण माझीच आहे.

साक्षीदार : डॉक्टर (खालची कवळी अजून टोचते म्हणतात); शेजारचे शिंपी
ठिकाण : मागची गॅलरी, दार उघडे
दिनांक : चार डिसेंबर, बुधवारच