दोरा बांधलेली चप्पल

मॅडम, अक्षराकडे बघू नका. हाताने लिहायची सवय गेली. महिना होऊन गेला तरी तो दिवस डोक्यातून जात नाही, आणि आज तर तो पुन्हा नव्याने समोर आला. तुम्ही असता तर आधी चहा पाजला असता आणि मग अशी झापली असती की बाहेरच्या रांगेतल्या पेशंटांनीही कान टवकारले असते. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. सिल्वासात मला झापायला आता कोणी उरलेलं नाही, हीच खरी पंचाईत आहे. सरळच सांगते. खडोलीच्या धाग्याच्या कंपनीतली एक बाई पाठीच्या दुखण्यासाठी बारा दिवस माझ्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये येत होती. त्या बारा दिवसांत तिच्या पायांतली ताकद जात होती. आणि मला, तुमच्या हाताखाली सहा वर्षं काढलेल्या मला, ते दिसलं नाही.

सरकारी दवाखान्यातली आपली खोली आठवते. टेबल आत, पंखा आत, आणि तुम्ही मात्र दाराशी त्या बुटक्या लाकडी स्टुलावर. मी नवीन होते, मला वाटायचं बाईंना उकडतंय म्हणून बसतात. दुधनीहून, सुरंगीहून जीपने आलेली माणसं फाटकापाशी उतरली की तुमचे डोळे त्यांच्या पायांवर. माणूस दारात पोचला की त्याला चपला काढायला लावायच्या आणि त्यातली एक उचलून, उलटी करून, तळवा बघायचा. माणसं लाजायची, "अहो, घाण आहे," म्हणायची. सुरंगीचा एक लाकडं वाहणारा म्हातारा येतो. तुम्ही त्याच्या चपलेची झिजलेली कड माझ्या नाकासमोर धरता आणि म्हणता, "अगो, हा अजून तोंड उघडायचाय, पण उजवा गुडघा चपलेने सांगितलान. लिही." मी लिहिते. म्हातारा बसतो आणि उजव्या गुडघ्यावर हात ठेवतो. मला हसूच फुटतं.

आणि तो ओरडा. खोलीत नवं शेकाचं मशीन आलं होतं, मला कोण कौतुक! एका बाईला पालथं झोपवून मी पॅड लावले, बटण दाबलं, वही उघडली. तुम्ही आलात, बटण बंद केलंत आणि विचारलंत, "पाठीला हात लावलास?" मी म्हटलं, चिठ्ठीवर डॉक्टरांनी शेक लिहिलाय. "चिठ्ठी दुखत नाही, पाठ दुखते," म्हणालात. मग माझं बोट धरून त्या बाईच्या मानेपासून कमरेपर्यंत एकेक मणका मोजायला लावलात, प्रत्येकावर हलकं दाबून, थांबून. मी रडकुंडीला आले होते. मी कुरकुरले, लोक आपल्याला मालिशवाली म्हणतात. त्यावर तुम्ही फिस्सकन हसलात. "म्हणू देत की! मालिशवालीचा निदान हात तरी लागतो." निवृत्त झालात तेव्हा ते स्टूल मला दिलंत. बाकीच्यांना वाटलं, बाई चेष्टा करताहेत.

आता माझं क्लिनिक ऐका. तुम्हाला घेरी येईल. बाहेर चपलांचं कपाट आहे, पायऱ्यांपाशी, कारण आत पांढरी फरशी आणि एसी. पेशंट अनवाणी आत येतो. फोनवरून वेळ घेतो, वेळ पंधरा मिनिटांची. कंपन्या आपले कामगार गटागटाने पाठवतात, एका शिफ्टचे सकाळी, दुसरीचे दुपारी. व्यायाम मी शिकवत नाही, व्हिडिओ पाठवते. अर्धे लोक कुठल्यातरी पहिलवानाचा दुसराच व्हिडिओ बघून मान आखडवून येतात आणि मलाच शिकवतात. हाताखालची शिकलेली मुलं दोन वर्षं टिकतात आणि परदेशाची परीक्षा देऊन जातात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अजून तेच असतं, "शेक, दहा दिवस", जसं काही आपण इस्त्रीवाले. पूर्वी मी यावर भांडायचे. आता वेळ नाही, मशीन लावते. तुमच्या स्टुलावर पाण्याचा जार ठेवलाय. हे सगळं माझ्यावर कोणी लादलं नाही, मॅडम. ते कपाट मीच सुताराला माप देऊन करून घेतलं.

ती बाई मूळची नंदुरबारकडची, बोली अहिराणी, वय पस्तिशीच्या आतलं. नवराही त्याच कंपनीत. पहिल्या दिवशी मी संगणकाकडे बघतच विचारलं, काय होतंय? "पाठ दुखस, ताई. मधोमध." दिवसभर मशीनसमोर उभं राहायचं काम, दुखणारच, असं मी मनातच ठरवून टाकलं. पालथं झोपवलं, ब्लाउजच्या खालच्या कडेशी पॅड लावले, पंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. "फरक आहे का?" "थोडा से." बिचारी माझं मन राखत होती, आता कळतं. भिंतीला हात लावत आत यायची. मला वाटलं, ओली फरशी, घाबरत असेल. पुसणारीला मी फरशी कोरडी ठेवायला सांगितलं, बघा! एवढी माझी हुशारी.

बाराव्या दिवशी भरदुपारी वीज गेली. मशीन बंद, एसी बंद. ती पालथी पडलेली, आणि मी मोकळ्या हातांनी नुसती उभी. काय करावं ते सुचेना, म्हणून मीटर बघायला बाहेर आले. मीटर चपलांच्या कपाटावरच आहे. खालच्या फळीवर एक रबरी चप्पल होती आणि तिच्या पट्ट्याला पांढऱ्या धाग्याची जाड वेणी बांधलेली, कंपनीतल्या धाग्याची, दोन्ही टोकं लोंबत होती. घोट्याला बांधायला. दोन्ही चपलांना तसंच. मी त्या उचलल्या, उलट्या केल्या. कितीतरी वर्षांनी कुणाची चप्पल हातात घेतली होती. पुढची बाजू घासून कागद झाली होती, पाय फरपटत चालणाऱ्याची होते तशी. मॅडम, चपला तशाच हातात घेऊन मी वळले.

आत जाऊन विचारलं, हा दोरा कशाला गं? ती उठून बसली, जरा ओशाळली. "चप्पल पायमाईन निंघी जास, ताई, अन् माले समजसच नही. रस्त्यावर दोनदा हरवनी. मंग दोरा बांधी लिधा." कधीपासून? "तुमनाकडे येवाना आधीपासून. आते जास्त से." मग सांगितलं का नाहीस? मी हे ओरडूनच विचारलं, खरं तर स्वतःवरच ओरडायचं होतं ना. ती म्हणाली, "पाठनं औषध चालू से ना. पायनं कोणी इचारंच नही."

मी तिला उभं केलं, डोळे मिटायला सांगितले, ती लगेच डोलली आणि माझ्या अंगावर कलंडली. मग पालथं झोपवून मानेपासून मोजत आले. एक, दोन, तीन. पाठीच्या मध्यावर, माझ्या पॅडच्या चार बोटं वर, एक मणका बोटाला टोचला. बाहेर आलेला. दाबला तर ती किंचाळली. बारा दिवस तो तिथेच होता, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि मी पॅडच्या वायरी नीट करत होते. ती संध्याकाळी ताप येतो म्हणाली, अंग उतरलंय, घागरा ढिला होतो म्हणाली. हेही कोणी विचारलं नव्हतं.

त्याच दिवशी गाडी करून तिला वापीला पाठवलं. मणक्याचा टीबी, आत पू, मज्जारज्जूवर दाब. ऑपरेशन झालं. सर्जनने फोनवर एवढंच म्हटलं, "आठ-दहा दिवस आधी पाठवली असती तर बरं झालं असतं. आता बघू, किती परत येतं ते." फोन ठेवल्यावर मी तिची नोंद उघडली. त्यात एक रकाना आहे, चाल. आपण काही लिहिलं नाही तर संगणक तिथे आपोआप "सामान्य" भरतो. बारा दिवस, बारा वेळा, सामान्य. खाली माझं नाव. शी! लाज वाटली, मॅडम, आणि भीतीही वाटली, कारण त्याआधी किती जणांच्या नावापुढे तो शब्द तसाच पडलेला असेल, कोण जाणे.

आज तिचा नवरा आला होता. बोटं हलतायत म्हणाला, दोघांनी धरलं की उभी राहते. चालेल की नाही, हे अजून कोणी सांगत नाही. उद्यापासून तिला माझ्याकडे आणणार. गावाहून आलेली लाल मिरची त्याने पिशवीभर आणली होती. दारातच दोन्ही हात जोडले. "ताई, तुम्ही पकडलं म्हणून. मोठा डॉक्टर काहीही बोलो, मी सगळ्या कंपनीत सांगितलं, ताईंनी नुसती चप्पल बघून वळखलं." आता बोल, म्हटलं मी स्वतःला. माझं तोंड उघडलंसुद्धा. आणि बाहेर काय पडलं? "असू दे हो, आमचं कामच आहे ते."

तो गेल्यावर पाण्याचा जार खाली ठेवला, स्टूल पुसलं आणि दाराशी नेऊन ठेवलं. चपलांचं कपाट सुताराला आत, माझ्या समोर हलवायला सांगितलंय. उद्या ती आली की आधी तिच्या पायांना हात लावणार आहे, ते नक्की. बाकीचं बोलणं जमेल की नाही, छातीठोकपणे सांगता येत नाही. हे पत्र कुणाला जायचं नाही, म्हणून एवढं तरी खरं लिहिते. तिच्या नवऱ्याला त्या बारा दिवसांचं मी अजून काही सांगितलेलं नाही, मॅडम. मिरची मात्र संध्याकाळी आमटीत घातली.