मोरपंखी ठिपका

प्रिय पार्टनर,

दचकू नकोस, अक्षर माझंच आहे. पत्र लिहावं असं आपल्यात काही उरलेलं नाही, हे मलाही कळतं. पण तुझा घरचा जुना कॉम्प्युटर सध्या माझ्या टेबलावर आहे, आणि मशीनची तब्येत मालकाला कळवायची हा माझा धंद्यातला नियम. तो मी कुणासाठी मोडत नाही. तुझ्यासाठी तर मुळीच नाही.

वहिनी घेऊन आल्या. तू त्यांना भंगारात द्यायला सांगितलं होतंस म्हणे, कुणाला दाखवत बसू नकोस असं बजावून. त्यांना ते पटेना. म्हणाल्या, भावजी, हा चालू होतो, जरा वेळ शहाण्यासारखा वागतो आणि मग मान टाकतो. एवढं बघा, कुणाच्या उपयोगी पडला तर विकून टाकू. तुझ्या कॉम्प्युटरच्या शोरूममध्ये का नेला नाही म्हटलं, तर हसल्या. तिथे सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे, धूळ कोण झटकणार? त्या बाईचा यात काडीचा दोष नाही. त्यांच्यावर आवाज चढवलास तर गाठ माझ्याशी आहे.

आता दुखणं ऐक. पॉवर सप्लायचा पंखा धुळीने जाम. मदरबोर्डवरचे कपॅसिटर पुरीसारखे फुगलेले. हार्ड डिस्क दाताखाली खडा आल्यासारखी कटकट करते. अशा मशीनला वरवर मलम लावून विकणारे पुष्कळ आहेत, तुला त्यांची नावं सांगायला नकोत. मी कुठल्या क्लासला गेलो नाही, बंद पडलेली मशिनं हेच माझे मास्तर. त्यांनी एकच शिकवलं, की आधी सगळं सोडव, मग एकेक जोड, आणि कोण खोटं बोलतंय ते बघ. सगळं काढलं, दुसरा पॉवर सप्लाय लावला. मग रॅमच्या पट्ट्या. पहिली लावली तर नुसती किंचाळी. ती काढून दुसरी लावली, आणि पडदा उजळला. तुझ्या त्या अख्ख्या खोक्यात तेवढी एकच वस्तू निरोगी निघाली.

निरोगी असली तरी पट्टीचे पाय खोडरबराने पुसल्याशिवाय मी ती परत बसवत नाही. पुसायला उलटी केली, तर कडेच्या चिपवर ठिपका. मोरपंखी.

आपलं दुकान आठवत असेलच. दोन स्टुलं, एक टेबल आणि तुझी बडबड. गिऱ्हाईक तू बोलून आणायचास, मी मशीन उघडायचो. मी बसवलेल्या प्रत्येक भागावर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचो, उद्या कुणी माल बदलला तर कळावं म्हणून. तू म्हणायचास, झालं का रे नवरीचं नटवून? छपाईच्या प्रेसवाल्या काकांचं मशीन तयार केलं त्या दिवशी लाल बाटली वाळून खडखडीत झाली होती. बायकोने तिच्या बहिणीने दिलेली मोरपंखी काढून दिली, तिने ती कधी लावलीच नव्हती. मी ठिपका दिला तेव्हा काका शेजारीच उभे होते. अरे वा, म्हणाले, आमच्या मशीनला खास रंग! एकदाच वापरलेला रंग, पार्टनर. त्याच दिवशी धाकटीने बाटली फरशीवर पाडून फोडली, आणि बायको आठवडाभर माझ्या नावाने ओरडत होती.

मग काकांचं मशीन ऐन कामाच्या गर्दीत आडवं झालं. उघडलं, तर आत भलतीच पट्टी, ठिपका नाही. आणि तू सगळ्यांसमोर हात झटकलेस. मी तर याला हातसुद्धा लावत नाही काका, उघडतो हाच. याच्या टिकल्या यालाच ठाऊक. काका रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मशीन उचललं आणि ते गेले. त्यानंतर जो येईल तो गोड आवाजात म्हणायला लागला, जरा आमच्यासमोरच उघडा हं. हे वाक्य ऐकत काम करून बघ एकदा. हात तोच असतो, स्क्रूड्रायव्हर तोच असतो, पण माणूस चोर असतो. मी दुकान सोडलं. तू पाटीवरचं माझं नाव खरवडून काढलंस, आणि तेवढ्याच जागेला पुन्हा रंग दिलास, म्हणून माझ्या नावाची जागा कितीतरी दिवस वेगळी चमकत होती.

इतकी वर्षं मला वाटत होतं, तुला ती पट्टी हवी होती. आता कळतंय, तुला दुकान हवं होतं. पण फुकटची वस्तू फेकून द्यायला तुझा हात होईना. चोरी जमली, पार्टनर, चिकटपणा नडला.

वहिनींना मी अजून काही बोललेलो नाही. पण मशीन घेऊन सरळ काकांच्या प्रेसवर गेलो. ते आता थकलेत. चष्मा लावून पट्टी उजेडात धरली आणि ठिपक्यावरून नख फिरवलं. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील. नाही ठेवला. म्हणाले, त्या वेळी त्याचं एकट्याचं ऐकून निवाडा केला, आज तुझ्या एकट्याचं ऐकून करणार नाही. त्याला बोलाव, त्याच्या हातानेच उघडू दे. हे पत्र म्हणजे ते बोलावणं. रविवारी सकाळी प्रेसवर ये. बाइंडर असेल, समोरचा औषधवाला असेल, त्या दिवशी जे जे तुझं ऐकत उभे होते ते सगळे असतील, मी स्वतः दारोदार जाऊन सांगून आलोय. वहिनींनाही काकांनी बोलावलंय, मशीन त्यांनी दिलं म्हणून. आला नाहीस तर काका खोकं घेऊन तुझ्या शोरूमवर येतील, तेही भर गर्दीच्या वेळी. पट्टी मी होती तिथे बसवलीये, झाकण लावलंय, स्क्रू घट्ट आवळलेत. येताना स्क्रूड्रायव्हर तुझा तू आण. आणि जरा आमच्यासमोरच उघड हं.

तुझाच,
जुना पार्टनर